समता संस्थेतील माझा भाग

मी, अंबादास कुंडलिक वाघचौरे, वय वर्षे पासष्ट, व्यवसाय टर्नर, राहणार मालाड पश्चिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. दुखणे हृदयाचे आहे, अकलेचे नाही. डॉक्टर मधुकर तेलंग यांनी तपासून तसे लिहून दिले आहे. कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याला भुलून मी हे करीत नाही. पत्नी सोनूबाई शेजारी मटार सोलत बसली आहे आणि दर दोन ओळींनी "काय लिहिलंत?" असे विचारते आहे. तो दबाव धरू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले. मालाडची राहती खोली, त्यातील भांडीकुंडी आणि बँकेतील शिल्लक, सर्व सोनूबाईला. ती असेपर्यंत खोलीवर कोणी हक्क सांगू नये. "आमच्याकडे राहायला ये" असे प्रेमाने म्हणून खोली विकायलाही लावू नये. तिच्या पश्चात मुलगा जयवंत आणि मुलगी वनमाला यांनी सारखे वाटून घ्यावे. मुलीला साडीचोळीवर बोळवण्याची रीत मी मानीत नाही.

कलम दुसरे. शेवगाव तालुक्यातील माझ्या गावी वतनाच्या जमिनीत माझा वाटा आहे. तो धाकटा भाऊ महादू यास द्यावा. कसतो तोच.

या जमिनीबद्दल मुलांना दोन शब्द सांगून ठेवतो. माझे वडील गावची महारकी करीत आणि हे वतन त्या चाकरीचे होते. निरोप पोचवायचा, सरकारी माणसाचे सामान वाहायचे, मेलेले जनावर ओढायचे, आणि त्याबदल्यात सुगीला खळ्यावर जाऊन बलुते मागायचे. कोणी काय काम करायचे हे जन्माआधीच ठरलेले असे. किती मिळायचे हेही ठरलेले असे, पण देणाऱ्याच्या मनाप्रमाणे त्यात घट होई. एका सुगीला मी बापाबरोबर खळ्यावर गेलो. धान्याची रास माझ्या डोक्याहून उंच होती. मालक म्हणाला, "औंदा पिकलं नाही, कुंडलिक." वडील "व्हय जी" म्हणाले आणि निम्म्याच पाट्या घेऊन निघाले. मी पंधरा वर्षांचा होतो. त्यानंतर महिन्याभरात मी मुंबई गाठली. गावात आम्ही उपाशी मेलो नाही हे खरे. पण पोटभर जेवल्याचेही आठवत नाही.

कलम तिसरे. माझी सर्व पुस्तके आणि बाबासाहेबांची तसबीर वनमालेस. ती पार्ल्याच्या शाळेत शिकवते. कॉलेजात तिने अर्थशास्त्र घेतले होते. परीक्षेच्या वेळी तिने वहीत एक तक्ता काढला. त्यात चार रकाने होते: परंपरेची अर्थव्यवस्था, बाजाराची, सरकारी आणि मिश्र. काय पिकवायचे, कसे पिकवायचे आणि कोणासाठी, हे तीन प्रश्न प्रत्येक रकान्यात होते. मी म्हणालो, "वना, मी या चारही ठिकाणी कामाला होतो." ती हसली, मग पेन्सिल पुढे करून म्हणाली, "मग तुम्हीच भरा, तात्या." त्या रात्री भरणे मला जमले नाही. पुढील कलमे तिने त्या जागी वाचावीत.

कलम चौथे. घाटकोपरच्या ज्या शेठच्या कारखान्यात मी लेथ शिकलो, त्यांना किंवा त्यांच्या वारसांना माझ्याकडून काहीही नाही. तरी खरे तेच लिहितो. त्या माणसाने मला जात विचारली नाही. मी कातलेला तुकडा हातात घेई, मापात असला तर मान हलवी, नसला तर अंगावर फेकी. गावाकडून आलेल्या पोराला ते फेकणेसुद्धा गोड वाटले, कारण तो सगळ्यांवर सारखेच फेकी. मग काशीराम भोईर याची उजव्या हाताची तीन बोटे पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली. मी त्याला टॅक्सीत घालून दवाखान्यात नेले. परत आलो तर त्याच्या जागी दुसरा माणूस उभा होता. शेठ म्हणाले, पंधरा दिवसांचा पगार पाठवला आहे, आता दोन बोटांच्या माणसाला बाजारात किंमत नाही, त्यात माझा काय दोष? महिनाअखेरीस मी ती नोकरी सोडली.

कलम पाचवे. सरकारी कारखान्याने वीस वर्षांच्या सेवेबद्दल दिलेले भिंतीवरचे घड्याळ वनमालेच्या मुलास. या नोकरीवर माझी दोन्ही मुले शिकली, ही खोली झाली. ते उपकार मी विसरलो नाही. तेथे बोट गेले तर भरपाई होती आणि साहेबालाही मनात आले म्हणून कोणाला काढता येत नव्हते. पण एका वर्षी आम्हाला बारा हजार झडपांचा हुकूम आला. ज्या पंपाला त्या लागत तो पंप बंद होऊन दोन वर्षे झाली होती. मी साहेबांना चिठ्ठी लिहिली. त्यांनी बोलावून शांतपणे सांगितले, "वाघचौरे, आकडा वरून आलाय. तुम्ही आकडा पूर्ण करा." आम्ही केला. त्या झडपा आवारात गंजल्या. मापात एकही चूक नव्हती.

त्याच सुमारास काशीराम मला अंधेरीत भेटला. तो तेव्हा कामाला होता तो कारखाना बंद पडला होता आणि त्याच्यासह दहा माणसे रस्त्यावर आली होती. मी सरकारी नोकरी सोडली, फंडाच्या पैशांतून एक जुना लेथ घेतला आणि आम्ही अकरा जणांनी समता औद्योगिक सहकारी संस्था काढली. सोनूबाई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "बुडालात तर मला आधी सांगा, लोकांकडून कळू देऊ नका."

कलम सहावे. तो लेथ माझ्या मालकीचा असून चारकोपच्या वसाहतीत संस्थेच्या गाळ्यात आहे. संस्था चालू असेपर्यंत तो तेथेच राहील. संस्था बंद झाल्यास तो जयवंतचा. माझे मायक्रोमीटर आणि मापाची सर्व हत्यारे मात्र आजच त्याची.

आम्ही स्टोव्हचे पितळी बर्नर करीत होतो. नियम एकच होता: प्रत्येकाला एक मत आणि सारखा पगार. जयवंत बाविसाव्या वर्षी सभासद झाला. इतरांचे दिवसाला साठ बर्नर होत, तेव्हा त्याचे नव्वद होत. पाच वर्षांनी त्याने सभेत जास्त पगार मागितला. मी अध्यक्ष होतो. मी म्हणालो, आज तू जास्त मागशील, उद्या दोन बोटांच्या माणसाला कमी द्या म्हणशील. तो म्हणाला, "काशीरामकाकांना कमी देऊ नका, तात्या. मला जास्त द्या, एवढंच मागतोय." मी मतदान घेतले. तो हरला आणि निघून गेला. समोरच्याच रांगेत त्याने स्वतःचा गाळा घेतला. सहा वर्षे आम्ही एकाच टपरीवर चहा प्यायलो आणि बोललो नाही.

जयवंत, तुझे म्हणणे निम्मे खरे होते. तेव्हा ते मला पुरे खोटे वाटले, कारण घाटकोपरचा शेठ माझ्या डोक्यात बसला होता. तुझ्या गाळ्यातील प्रेसला जाळी बसव आणि माणसांचा विमा उतरव. ही विनंती आहे, अट नाही.

कलम सातवे. समता संस्थेतील माझा भाग आणि त्यासोबत येणारा सभासदत्वाचा हक्क मी श्रीमती कमळ लहू ढसाळ यांना देत आहे. संस्थेच्या नोंदवहीत वारस म्हणून त्यांचे नाव मी यापूर्वीच लावले आहे. त्या माझ्या नात्याच्या नाहीत.

त्यांचा नवरा लहू आमच्या अकरांपैकी एक. १९७९ साली तो काविळीने गेला. त्याचा भाग कमळच्या नावावर करावा असा अर्ज तिने दिला. सभेत काशीराम म्हणाला की बाईला मशीन येत नाही, मग मत कशाला? सगळ्यांनी माना हलविल्या. मीही हलविली. भागाचे पैसे तिला परत देण्याच्या ठरावावर सही माझी आहे. मग आम्ही मोठ्या मनाने तिला पॅकिंगच्या कामावर ठेवले, रोजंदारीवर. बोनसच्या दिवशी आम्ही आत बसून वाटणी ठरवीत असू आणि ती दाराबाहेर बसून आम्ही काय देतो याची वाट पाहत असे. नऊ वर्षे हे माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मला दिसले नाही.

गेल्या वर्षी घरोघरी गॅस आला आणि बर्नरची मागणी आटली. आम्ही तरीही बर्नर करीतच राहिलो. त्यावेळी जयवंत स्वतः गाळ्यात आला. त्याच्याकडे गॅसच्या फिटिंगचे काम होते, हात अपुरे होते. काम घ्या, नगावर दाम घ्या, माप मी तपासणार, असे तो बोलला. सभा भरली. मी विरोधात तासभर बोललो. बर्नरचा धंदा पुन्हा उठेल, असे मी छातीठोकपणे सांगितले. कमळ दारात चहा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "तात्या, माल तीन महिने हललेला नाही. खोकी मीच बांधते आणि मीच एकावर एक रचते. मला विचारलं असतंत तर दिवाळीआधीच सांगितलं असतं."

मला झडपांचा आकडा पूर्ण करायला सांगणाऱ्या साहेबांचे टेबल आठवले. या खेपेस टेबलामागे मी होतो.

मतदान झाले. जयवंतचे काम घेण्याच्या बाजूने नऊ, विरोधात मी एकटा. माझ्याच नियमाने मी हरलो आणि संस्था वाचली. संध्याकाळी रस्ता ओलांडून मी जयवंतच्या गाळ्यात गेलो. त्याने स्टूल पुढे सरकविले. बराच वेळ आम्ही फिटिंगच्या आट्यांबद्दलच बोललो. निघताना त्याने विचारले, "आईचं गुडघ्याचं कसं आहे?" तेवढ्याने मला पुरले.

पुढच्याच सभेत कमळला सभासद करण्याचा ठराव मी मांडला. तो सात विरुद्ध तीन असा पडला. काम घेताना तिचे खरे ठरले, पण मत द्यायचे म्हटल्यावर पुन्हा मशीन आडवे आले. माझे आयुष्य आता फार उरलेले नाही आणि पटवीत बसण्याइतका दमही नाही. म्हणून हे कलम.

मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पैसे लहूचे मिळाले होते मला. तेव्हा कुणी आत बसवलं नाही." मी म्हणालो, आता बसवतील. ती म्हणाली, "नाही बसवलं तर?" तर उपनिबंधकांकडे अपील करावे. अर्ज मी लिहून वनमालेकडे दिला आहे. तारीख आणि कमळची सही तेवढी राहिली आहे. वकिलाची फी माझ्या शिलकीतून द्यावी. सोनूबाईची याला संमती आहे. "आता तरी नीट करा," असे तिचे शब्द आहेत.

वना, तुझ्या तक्त्यात मी एवढेच भरू शकतो. गावात मला कोणी विचारले नाही, कारखान्यात माझा तुकडा विचारला, सरकारात माझा आकडा विचारला. समतेला मी मिश्र रकान्यात धरतो; तेथे आम्ही एकमेकांना विचारले म्हणून ते मला चारांत उजवे वाटते, अजूनही वाटते. पण तेथेही दाराबाहेर एक माणूस ठेवूनच आम्ही विचारले. यापेक्षा चांगली पद्धत तुझ्या पुस्तकात असल्यास पुढच्या लोकांना शिकव. मला माहीत असलेली मी दुरुस्त करून जातो आहे.

कलम आठवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वनमालेने करावी. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात. मी गेलो त्या दिवशी गाळा बंद ठेवावा की चालू, हे मी सांगणार नाही. ते सभेने ठरवावे, आणि त्या सभेला कमळला खुर्ची द्यावी.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे. दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करतो, आणि त्यांनीही माझ्या व एकमेकांच्या समक्ष सही केली आहे.

ठिकाण: मालाड, मुंबई
दिनांक: ६ नोव्हेंबर १९८८

सही: अंबादास कुंडलिक वाघचौरे

साक्षीदार
१. डॉ. मधुकर तेलंग, मालाड
२. काशीराम भोईर, सभासद, समता औद्योगिक सहकारी संस्था. (सातवे कलम दोनदा वाचून सही केली. मी विरोधात मत दिले होते. का. भो.)