अकरा हौदांचा एकच मासा

तेगुसिगाल्पा, जुलैअखेर

प्रिय मेहुणेबुवा एलिसेओ यांस,

तेओफिलोचा सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? तळं भरलंय ना? (तळ्याची चौकशी का, ते पुढे येईलच.) मी खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी, म्हणून अंगणोअंगणी हौद. आणि पाणी साचलं की डास आलेच. आरोग्य खात्याच्या निकोलासाबाईंनी मागे घरटी एकेक मासा वाटला होता, डासांच्या अळ्या खायला. दहा घरांनी आपापला मासा मांजराला नाहीतर कढईला दिला. उरला माझा. तपासणीच्या दिवशी शेजारची चेपाकाकू भिंतीवरून बादली नाचवत म्हणाली, "अहो तेओफिलो, तुमचा मासा जरा धाडा, बाई यायच्यात!" मी हुशार माणूस (एका जात्यावरून मक्याची गिरणी उभी केली, ती काय उगाच?). युक्तीच बसवली: बाई पुढच्या दाराने बाहेर पडल्या की मासा मागच्या भिंतीवरून पुढच्या घरी. शेवटी वहीत खूण करत बाई म्हणाल्या, "सगळ्यांचे मासे सख्खे भाऊ दिसतात हो!" काकू म्हणते, "गल्लीचं पाणीच तसं, बाई!" गिरणीत दोन दिवस हसणं चाललं होतं.

माझा हौद आरशासारखा. पण डासाला कुठली भिंत? दहा हौदांतले डास तुमच्या भाचीला, माझ्या मारिबेलला चावले. डेंग्यू. आज पाचवा दिवस, इस्पितळात तिच्या खाटेशी बसूनच लिहितोय. खोलीत आमच्याच गल्लीची आणखी चार पोरं आहेत. तुमची बहीण माझ्याशी बोलत नाही. निकोलासाबाई आल्या तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "वहीत तुमची गल्ली स्वच्छ होती, म्हणून धुराचं यंत्र दुसरीकडे पाठवलं."

आपला,
तेओफिलो

ता. क. तळ्यातले दहा मासे बादलीत घालून आणा. सध्या माझा मासा रोज एका घरी मुक्कामाला असतो, खाऊन खाऊन फुगलाय. कढईकडे बघणार नाही, अशी काकूने शपथ घेतलीय.

आणखी ता. क. मासे राहू द्या. सकाळी ताप उतरला, पण डॉक्टर म्हणतात, डेंग्यूत ताप उतरतो त्याच दिवसाला भ्यायचं. रक्त लागेलसं दिसतं. माझं जुळत नाही, तुमचं जुळतं. हे पत्र आणणारी बस अर्ध्या तासाने परत फिरते, तिच्यातच बसा. मारिबेलने आत्ताच डोळे उघडून विचारलं, "आपला मासा आज कोणाकडे?" मी म्हटलं, मामा घेऊन येतोय. तेव्हा एक तरी आणाच.