ओढायचं की वाहायचं

३ मार्च

पिकअप घ्यायची. ठरलं! म्हणजे हिनं ठरवलं आणि मी सभेत जाहीर केलं. आमच्या घरचा कारभार असाच चालतो.

खाणीचे सुरुंग टेकडीला खालून पोखरत चाललेत. वळणावरचा रस्ता खचला, नळाची लाइन तुटली. टँकर वर चढत नाही. ट्रॅक्टरवाल्यानं हात जोडले – 'माझा ट्रॅक्टर मला अजून हवा आहे.' आज गल्लीच्या बैठकीत विषय निघाला : पाण्याची टाकी ट्रॉलीवर घालून वर ओढून आणेल अशी छोटी दणकट गाडी कुणीतरी घ्यायला हवी. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठलो. म्हणालो, 'पाणी तोडून आपल्याला हुसकावता येईल असं खाणवाल्यांना वाटत असेल, तर गाडी मी घेतो! या गल्लीतली एक खाटसुद्धा खाली उतरणार नाही!' टाळ्या. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं तर शिट्टी मारली.

घरी आलो. हिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

'बरं झालं. पाण्याचं निमित्त मिळालं. भाड्याची गाडी बोलावली असती तर गल्लीभर बोभाटा. आता आपल्याच गाडीतून आईंना खाली नेऊ.'

'अगं, मी आत्ता काय बोलून आलोय–'

'ऐकलं. खिडकी उघडीच होती. पण पहिली खाट आईंचीच उतरायची आहे.'

आईचं खुब्याचं हाड मोडलंय. उठून बसवत नाही. तिची खाट ज्या भिंतीशी आहे तीच भिंत तडकली आहे, आणि दुसऱ्या खोलीचं तर छतच झुकलंय. हिच्या भावाच्या गॅरेजमागे एक खोली रिकामी आहे. ही कधीपासून म्हणते आहे – जाऊ या. मी कधीपासून म्हणतो आहे – बघू.

मी जर उतरलो तर गल्ली उतरेल. गल्ली रिकामी झाली की 'इथे वस्ती नाही' असा शेरा पडेल आणि अख्खी टेकडी खाणीच्या घशात. हे मी शंभरदा सांगितलंय. खोटं एक अक्षर नाही त्यात!

५ मार्च

आमच्या गल्लीत एक रीत पडली आहे. मीच एका भाषणात सुचवली होती. तडा दिसला की त्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवायची. भिंत सरकली तर पट्टी फाटेल. कागद कुठला? सभेची उरलेली पत्रकं – माझ्याच घोषणा छापलेली. सकाळी दार उघडलं की समोरच्याला विचारायचं, 'शाबूत?' तो म्हणतो, 'शाबूत!' मग पुढचं दार, मग त्याच्या पुढचं. हाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाते. ऐकताना ऊर भरून यायचा.

आज आमची फाटली. आईचा डोळा लागला होता, ही आंघोळीला गेली होती. मी फाटकी सोलून काढली, नवी लावली, खळीचे हात पँटला पुसले आणि दार उघडलं.

'सर, शाबूत?' – शिंपी.

'शाबूत!' सभेतल्यापेक्षा खणखणीत आवाज लागला.

८ मार्च

जुन्या गाड्यांच्या आवारात गेलो. मी, ही आणि मेहुणा. मेहुण्याला गाड्यांतलं सगळं कळतं – हा दाखला त्यानंच स्वतःला दिलेला आहे. प्रत्येक गाडीच्या टायरला लाथ मारत हिंडत होता. कशासाठी, विचारलं तर म्हणाला, 'अंदाज येतो.'

मला गाडी चालवता येत नाही. चालवणार ही, माहेरी टेम्पोवर शिकली आहे. पण वाचन माझं दांडगं! वजन, ओढ, ब्रेक, आस – सगळं वाचून गेलो होतो. विकणाऱ्याला तात्त्विक बाजू समजावून सांगायला लागलो, तर मेहुण्यानं मध्येच तोडलं.

'भाऊजी, आधी एवढं सांगा. ओढायचंय की वाहायचंय?'

'दोन्ही.'

'दोन्ही उत्तम करणारी गाडी नसते. ओढायचं असेल तर इंजिन बघा, वाहायचं असेल तर हौदा बघा. दोन दगडांवर पाय ठेवून चढ चढता येत नाही.'

दोन गाड्या मनात भरल्या. करडी – आखूड हौदा, मागेही बसायला जागा, इंजिन रेड्यासारखं. भरली टाकी घेऊन डुलत वर येईल. दुसरी पांढरी – लांबलचक हौदा, पुढे दोघांचीच केबिन, मागचे स्प्रिंगचे पाटे नरम. चढाला धापा टाकणार.

'करडी!' मी म्हणालो. एका क्षणात.

हिनं पर्समधून सुतळी काढली. दोन गाठी मारलेल्या. एक गाठ करडीच्या हौद्यात आतल्या टोकाला धरली, सुतळी ताणली. दुसरी गाठ मागच्या झडपेच्या, फाळक्याच्या बाहेर गेली. पांढरीत धरली – आत बसली, वर वीतभर जागा उरली.

'काय मोजताय ताई?' विकणाऱ्यानं विचारलं.

'कपाट.'

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुतळीवरचं माप आईच्या खाटेचं होतं.

९ मार्च

फाटली. लावली. शाबूत!

११ मार्च

करडीची बाजू मी घरात मांडली. उभं राहून. पाण्यावाचून लहान मुलं आहेत, म्हातारे आहेत. गाडी गल्लीसाठी म्हणून घेतोय, तर ती गल्लीच्या कामाचीच हवी. स्वतःची खाट मोजून जो गाडी घेतो त्यानं पुन्हा व्यासपीठावर चढू नये. स्वतःलाच पटलं. अंगावर काटा आला.

ही भांडी विसळत होती. 'झालं? टाळ्या वाजवू का? हात ओले आहेत.'

'माझ्या बोलण्यात चूक काय ते दाखव.'

'काही नाही. अगदी खरं आहे तुमचं. आता भिंतीला सांगा.'

मी बसलो.

पलीकडून आईचा आवाज – 'कुठली गाडी घेताय रे? मला पुढे बसव हं. मागे मला गरगरतं.'

पुढे बसव, म्हणते. उशी उंच केली तरी कळवळते.

१२ मार्च

बैठक. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, चार घरांनी तरी तात्पुरतं खाली जावं का? मी तोंड उघडायच्या आत शिंपी उठला. 'सर इथे आहेत तोवर आपण इथे आहोत! विषय संपला!' टाळ्या. सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. आपण खोदलेला खड्डा इतका खोल असतो हे आत उतरल्यावर कळतं.

१५ मार्च

पांढरी घेतली.

ठरलं होतं ते असं की दोन्ही गाड्यांना ट्रॉली जोडून बघायची. आवारामागे चढ आहे. करडी सहज गेली. पांढरी कण्हत गेली, पण गेली. मेहुण्यानं पाट्यांखाली डोकं घातलं आणि वर येऊन निकाल दिला – 'पाटा वाढवता येतो, हूक बसवता येतो. हौदा ताणून लांब करता येत नाही.' परवापर्यंत तोच करडीच्या बाजूनं होता! बहिणीनं वाटेत काहीतरी सांगितलं असणार.

मीही एकदा चाकामागे बसलो. ही शेजारी. 'ट्रॉलीसकट मागे घ्या.' मला ट्रॉली डावीकडे न्यायची होती, मी चाक डावीकडे फिरवलं. ट्रॉली उजवीकडे निघाली! आणखी जोरात डावीकडे फिरवलं. ट्रॉली आणि गाडी काटकोनात दुमडून अडकली. पुढे नाही, मागे नाही.

'मागे येताना उलटं फिरवायचं असतं,' ही म्हणाली. हसली नाही. 'आणि हळू. उतरा. मी सोडवते.'

मी उतरलो आणि बाजूला उभा राहिलो. हल्ली माझं बहुतेक काम हेच.

१६ मार्च

गाडी गल्लीत आली. पोरं हौद्यात चढली. किराणावाल्यानं चक्कर मारून बघितली आणि विचारायचं तेच विचारलं, 'सर, पाणी तर ट्रॉलीत येणार. मग एवढा हौदा कशाला?'

ही केबिनमध्ये, चाकावर हात. क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. आणि जीभ – माझी ही जीभ! – म्हणाली, 'व्यासपीठाला! आता आपली सभा जाईल तिथे व्यासपीठ जाईल!'

टाळ्या, शिट्ट्या. मला उचलून हौद्यात उभं केलं. मी बोललो. आईची खाट जिथे ठेवायची त्याच जागेवर उभा राहून, कुणीही हलायचं नाही, यावर बोललो. ही खाली बघत होती.

१९ मार्च

पांढरी पाणी आणते. चढाला क्लच जळाल्याचा वास येतो, पण आणते. ही सकाळ-संध्याकाळ खेप मारते. लोक घागरी भरतात, दुवा देतात – मला! चालवते ही.

खाट अजून भिंतीशीच. 'आज नेऊ,' ही म्हणते. 'सभा झाली की,' मी म्हणतो. सभा संपतच नाहीत.

शिंपी गळ्यातली टेप काढून हौदा मापत होता. लांबी, रुंदी, फाळक्याची उंची. मला बघून दचकला. 'सवय हो, सर. दिसेल ते मापतो. म्हटलं, व्यासपीठाला झालर शिवावी.' काय माणूस आहे! मला त्याच्या नजरेला नजर देववेना.

२० मार्च

दुपारच्या सुरुंगानंतर पट्टी फाटली. लावली. खळ वाळायच्या आत पुन्हा फाटली.

आई जागी होती. तिच्या उशीवर गिलाव्याचा चुरा. तो तिनं मुठीत गोळा करून पांघरुणाखाली लपवला होता.

'कधीपासून पडतोय, आई?'

'पडू दे रे. भिंत रात्रंदिवस कुरकुरते. तुझ्यासारखीच, एकदा सुरू झाली की थांबत नाही.' स्वतःच्याच विनोदावर हसली, मग कळ आली. 'तू कागद लावतोस तेव्हा मी डोळे मिटून घेते. तुला अवघडायला नको.'

उद्या सभेत सांगणार. माझी पट्टी रोज फाटते, मी रोज खोटं बोलतो, माझी आई उद्या खाली जाणार. तीन वाक्यं. जन्मभर बोलत आलो, तीन वाक्यं जड नाहीत!

२१ मार्च

जड होती.

हौद्यात चढलो. खाली सगळी गल्ली. पहिलं वाक्य ओठावर आलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, 'सर, शाबूत?' पुढचं आपोआप झालं. मी मूठ वर केली. गल्ली दणाणली.

उतरताना हिनं हात दिला. मग ट्रॉली जोडून पाण्याच्या खेपेला गेली.

२२ मार्च

सकाळी पट्टी नव्हती. पट्टी होती तो भिंतीचा तुकडाच नव्हता – विटा खाटेखाली पडल्या होत्या. आईच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. तिथून बाहेरचा उजेड आत येत होता.

'अहो,' ही म्हणाली. 'आत्ता.'

गाडी दाराशी लावली. भर उजेडात, सगळ्यांसमोर. फाळका पाडला. मेहुणा वर आला होता. मी आणि तो खाट उचलायला वाकलो तर खाटेला आणखी हात लागले. वर बघितलं – शिंपी, किराणावाला, पलीकडचे दोघे. कुणी काही विचारलं नाही. 'शाबूत?'सुद्धा नाही. आईला न हिंदकळवता त्यांनी हौद्यात ठेवलं. खाट बरोब्बर बसली. आई आकाशाकडे बघत म्हणाली, 'पुढे बसव म्हटलं होतं ना रे?'

मी तिच्या उशाशी हौद्यात बसलो. काहीतरी बोलायला हवं होतं. माफी, कारण, काहीही. तोंडातून शब्द फुटला नाही. माझ्या तोंडातून!

फाळका लावताना शिंपी एवढंच म्हणाला, 'उद्या वर याल तेव्हा ट्रॉली आणू नका.'

वळणापर्यंत सगळे तसेच उभे होते. माझ्या हातचं पाणीसुद्धा नको झालं त्यांना. रास्तच आहे. खाणीनं सुरुंग लावले ते टेकडीला. त्या माणसांना मी लावला.

२३ मार्च

ट्रॉली सोडून, नुसती पांढरी घेऊन ही आणि मी वर गेलो. दारादारांत बोचकी बांधलेली. शिंप्यानं मशीन आणि कापायचं टेबल अंगणात काढून ठेवलेलं. 'टेबल बसतं, सर. त्या दिवशीच मापलं होतं.'

आत जाऊन त्याचं कपाट सरकवायला हात लावला. कपाटामागे तडा, तड्यावर माझी पत्रकं. फाटकी न काढताच एकावर एक डकवत गेलेला – उशीएवढा जाड थर. आमच्या भिंतीवर इतकी कधी फाटली नाहीत.

'तुमची खाट हलेना, सर,' शिंपी म्हणाला. 'तुम्हाला एकटं टाकून कसं जायचं?'