उष्टा फोटो

११ नोव्हेंबर, मंगळवार

शी! एक्स-रेच्या खोलीत पुन्हा गुटख्याची पिचकारी. पेशंटची नाही – मालकांची, अमृतशेठची! सेंटर त्यांचं, म्हणून कोपराही त्यांचा. मशीनची देखभाल माझ्याकडे आहे, भिंतींची नाही. तरी मीच पुसलं.

दिवाळीत एक्स-रे टिपणाऱ्या पॅनेलचा पॉवर सप्लाय जळला, तेव्हा कंपनीचाच मागवा म्हणून मी घसा फोडला होता. शेठनी बाजारातला कुठलातरी बसवला. "फोटू येतोय ना मॅडम? मग कशाला डोकं खाता?"

१२ नोव्हेंबर

आज पायरीवर एक बाई रडत बसली होती. लंकाबाई. पाथर्डीकडची, इथल्या कारखान्यावर ऊसतोडीला आलेली. खोकला होता म्हणून काल छातीचा फोटो काढला. आमचे फोटो ऑनलाइन बघणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांचा रिपोर्ट आला – उजव्या फुफ्फुसात वर डाग. शिवाय, "गळ्यातली साखळी काढलेली नाही." मुकादम म्हणतो, डागवाली बाई टोळीत नको, गावाला जा. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता; ती गेली की नवरा उरला अर्धा कोयता. त्याला टोळीत कोण ठेवतं!

"ताई, म्या पोतबी काढून पदरात बांधली हुती. साखळी कुटली आनू?"

फोटो काढणारा जस्टिनही तेच म्हणाला – गळ्यात काही नव्हतं. शेठ हसले. "ही लोकं खोटंच बोलतात." इतकी किळस पिचकारीचीही आली नव्हती.

१३ नोव्हेंबर

फोटो मोठा करून बघितला. बरगड्या दुहेरी! एका माणसावर दुसरा माणूस!

मीटर लावला. फोटो काढताना व्होल्टेज धाडकन खाली येतंय. वाटलंच होतं. पॅनेलमधला एकेक पिक्सेल म्हणजे टपरीवरचा ग्लास. उजेड पडला की चार्ज भरतो. एक सिग्नल येतो – वाच. मग दुसरा – रिकामा कर. व्होल्टेज पुरेसं नसेल तर रिकामं करायचं दार अर्धवटच उघडतं, आणि तळाला आधीच्याचं राहतं. पुढचा माणूस उष्ट्या ग्लासात! लंकाबाईच्या छातीत दुसऱ्याचं उष्टं!

कोणाचं, ते जस्टिनने खाली बघत सांगितलं. "ताई, शेठनी पाहुण्यांना मशीन दाखवायला स्वतःचाच फोटो काढायला लावला. साखळीसकट. सगळे हसत बाहेर गेले, कुणी धड बघितलाही नाही. मला म्हणाले, उडवून टाक." आणि लगेच लंकाबाईला उभं केलं.

एक्स-रे म्हणजे काय जत्रेतला फोटो वाटला यांना? आणि खोटारडी ती!

१४ नोव्हेंबर

मशीन बंद केलं. चावी माझ्या पर्समध्ये. म्हटलं, कंपनीचा सप्लाय येईपर्यंत एकही फोटो निघणार नाही, काढा नोकरीवरून! शेठ ओरडले – ओरडून ओरडून खोकल्याची उबळ आली. बरं झालं!!

शेवटी दुपारी त्यांनीच कंपनीचा सप्लाय आणायला नाशिकला माणूस धाडला.

१५ नोव्हेंबर

सप्लाय बसवला. व्होल्टेज जागेवर. आधी रिकामे फोटो काढून बघितले – स्वच्छ. मग लंकाबाई. पुण्याला मी स्वतः फोन केला. छाती साफ! साधा धुळीचा खोकला. फोटो घेऊन मुकादमाकडे मीच गेले. त्याने मान हलवली, बस्स. माफी कोण मागतंय!

लंकाबाईने माझे दोन्ही हात धरले. "लई उपकार झाले ताई. उद्याच फडात जाते." आज मी जिंकले. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

१६ नोव्हेंबर, रविवार

चर्चला गेले. सगळ्यांसाठी प्रार्थना केली, शेठ सोडून.

१७ नोव्हेंबर

चहा गाळता गाळता हात थांबला. साखळी शेठची. दुसऱ्या बरगड्या शेठच्या.

मग तो डाग?

देवा. त्यांच्याच घरी निघाले आहे.