टॅपेट गप्प झाले त्याची हकीकत

ती. भाऊजी यांस,

धाकट्या मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार. तुमची कंबर आणि ताईचा राग दोन्ही आता उतरणीला लागले असतील, अशी आशा आहे. इकडे अप्पांची साखर मात्र उतरायचं नाव घेत नाही. डॉक्टरांनी बजावलंय, पुढच्या तपासणीतही अशीच निघाली तर रोज सुई. तुमचे सासरे सुईला किती भितात हे तुम्ही जाणताच, आणि खरं सांगायचं तर धास्ती मलाच जास्त वाटते. साखरेचा डबा मी कुलपात ठेवलाय, चहा सगळेच बिनसाखरेचा पितो (बायको तोंड वाकडं करून), तरी आकडा चढताच.

असो. पत्राचं कारण तुम्ही दिलेली मोटरसायकल. तिचे टॅपेट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, वर्षभर असे वाजत होते की मी कोपऱ्यावर वळलो की अख्ख्या गल्लीला कळायचं. मेकॅनिक म्हणाला, गाडी ठेवून जा. (असं म्हणणाऱ्या माणसाला मी घाबरतो.) म्हणून टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा विकत आणला आणि रविवारी अंगणात बसलो. पहिली अट, इंजिन पार थंड हवं. पट्ट्या मी त्याच गाडीवरून आणलेल्या. मग तापलेल्या इंजिनावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, अप्पांचा टेबलफॅन आणून लावला. अप्पा घामाघूम होऊन बघत बसले. दुसरी अट, पिस्टन अगदी वर आणि व्हॉल्व्ह बंद असताना फट मोजायची. आता दर आवर्तनात पिस्टन वर येतो दोनदा आणि व्हॉल्व्ह बंद असतात त्यातल्या एकदाच, हे मला मागाहून कळलं. मी नेमका दुसरा मुहूर्त साधला होता. गाडी सुरू केली तर भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज. शेजारच्या शिंपीणबाई बाहेर आल्या आणि आत जाऊन खिडकी लावून घेतली, ते जास्त लागलं. पुन्हा सगळं उघडलं. नट आवळावा तर स्क्रू फिरतो, स्क्रू धरावा तर पाना निसटतो. बोटांची सालटी निघाली, पण संध्याकाळी गाडी इतकी गप्प चालायला लागली की सुरू आहे का हे हात लावून बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून घरी आलो, तो कुणाला पत्ताच नाही. आत पाऊल टाकतो तर अप्पांच्या गालात चॉकलेट आणि माझी बायको दुसरं सोलून देतेय! (कोपऱ्यावर गाडीची टकटक ऐकू आली की सगळं आवरायचं, असा हा कारभार वर्षभर बिनबोभाट चालला होता.) मी चपलेसकट दारातच बसलो. राग आला, पण त्याहून वाईट वाटलं. अप्पा मात्र गाल न हलवता म्हणाले की चोरासारखं घरात शिरणं चांगल्या माणसाला शोभत नाही.

ताईला नमस्कार सांगावा. कंबरेला जपा.

तुमचा आज्ञाधारक,
मेव्हणा

ता. क. चॉकलेटं गुडघ्याला बांधायच्या पट्ट्यांच्या खोक्यात होती. असं खोकं दर महिन्याला अप्पांच्या नावे येतं आणि वरचं अक्षर तुमचं असतं. (अप्पांना गुडघे दोनच आहेत, हे आधीच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.) पाया पडतो भाऊजी, हे बंद करा. आम्हाला अप्पा हवे आहेत.

आणखी एक. खोकं जप्त करून मी कपाटात ठेवलंय. त्यातली बदामाची संपली. पुढचं खोकं कामाच्या पत्त्यावर, माझ्या नावे पाठवा. हल्ली माझेही गुडघे दुखतात.