श्वास नसलेला निरोप

बाबा,

तुमची डबी शेवटी उघडली. माझ्या लग्नात तुम्ही सगळ्यांसमोर मला घड्याळ दिलंत आणि निघताना कुणाचं लक्ष नाही असं बघून ही पत्र्याची डबी पर्समध्ये सरकवलीत. "राहू दे तुझ्याकडे. उघडायची घाई नको," म्हणालात. तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून मी इतकी वर्षं थांबले, असं काही नाही. मला भीती वाटत होती. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली, मी ऑकलंडला आले त्यालाही सोळा होतील. माउंट रॉस्किलमध्ये आम्ही तीन भाड्याची घरं बदलली, आणि दर वेळी ती डबी मी स्वेटरच्या घडीत घालून नेली, जणू आत काहीतरी झोपलंय आणि ते हलवलं तर जागं होईल.

तुमची मुलगी अखेर तुमच्याच धंद्यात पडली हे तुम्हाला ऐकून हसू येईल. पापाकुऱ्यात एक छोटा संग्रह आहे, तिथे मी जुने आवाज कॉम्प्युटरवर उतरवते. गराज साफ करताना लोकांना टेपा सापडतात, तबकड्या सापडतात, ते खोक्यात घालून आणून देतात. कानाला हेडफोन लावला की पहिली पाच मिनिटं मी गाणं ऐकतच नाही, तुम्ही शिकवलं तसं श्वास ऐकते. मी आठ-नऊ वर्षांची, सुट्टीत तुमच्याबरोबर रेडिओ केंद्रावर यायची. तुम्ही स्टुलावर बसवायचात, टेप हातानं मागेपुढे फिरवायचात, आणि म्हणायचात, "माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो. कापताना तो श्वास गेला, तर ऐकणाऱ्याला काय बिघडलंय ते कळत नाही, पण त्याला बरं वाटत नाही." तुमच्या खोलीत सगळे तसंच बोलायचे. याचा श्वास गेला, त्याचा श्वास ठेवा, या वाक्याला श्वासच नाही. मला ते सगळं खेळासारखं वाटायचं.

मागच्या महिन्यात पुकेकोहेहून एक आजी आल्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या, कार्डिगनची सगळी बटणं लावलेली, आणि हातात उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक तबकडी. दुसऱ्या महायुद्धात इकडच्या कुरणांत अमेरिकन फौजांच्या छावण्या होत्या, तेव्हाची. मधल्या कागदावर छापलंय, अमेरिकी सरकारची मालमत्ता, विक्रीसाठी नाही. ही गाणी फक्त सैनिकांसाठी काढलेली. त्या सरकारनं बोटींतून दारूगोळ्याबरोबर गाणीही पाठवली, बाबा. आणि गाणीही निवडून. फार रडवणारी नकोत, घराची ओढ लागेल अशी नकोत, पोरांचे पाय थिरकले पाहिजेत. या तबकड्यांची माहिती वाचताना मला तुम्ही आठवलात, एकाहत्तरच्या युद्धात जवानांच्या कार्यक्रमासाठी विरहाची गाणी बाजूला काढून ठेवणारे. "ही आत्ता नकोत," म्हणायचात, आणि कपाटाच्या वरच्या खणात टाकायचात.

तबकडी लावली. आधी पितळी वाद्यांचा धडाका. मग लोण्यासारख्या आवाजाचा एक निवेदक म्हणतो की पोरांनो, सगळा देश तुमच्या पाठीशी आहे, आणि आईला लिहा की युद्धाचे रोखे घे. मग एक बाई गाते, मी वाट बघेन, तू जिंकून ये. आणि त्यानंतर दोन गाण्यांच्या मध्ये, एक तरुण मुलगा बोलतो. "हॅलो स्वीटहार्ट. मी मजेत आहे. जेवण चांगलं आहे. पुढचा डान्स माझ्यासाठी राखून ठेव." मग लगेच नाचाची धून, त्याचा शेवटचा शब्द पुरता संपायच्या आत. मी सुई उचलली. पुन्हा ठेवली. चार वाक्यं, आणि कुठेही श्वास नाही. पहिल्या वाक्याआधी नाही, मधे नाही, शेवटी नाही. खोलीत हीटर चालू होता तरी माझ्या दंडांवर काटा आला. त्या दिवशी शाळेतून परस्पर तिकडे आलेल्या माझ्या लेकीनं हेडफोन घेतला आणि म्हणाली, "आई, दॅट्स सो क्रीपी. फोनमधली ती रस्ता सांगणारी बाई असते ना, हा साउंड्स लाइक दॅट." मी तिच्यावर उगाच खेकसले. "असं बोलू नये," म्हणाले.

का खेकसले, ते तुम्हाला मात्र ठाऊक आहे. एकाहत्तरचा डिसेंबर आहे, तिन्हीसांजा झाल्यात, आईनं देवापाशी नुकता दिवा लावलाय. शेजारच्या काकू आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्यात, कारण आपला रेडिओ चांगला आणि आज त्यांच्या फौजेतल्या मुलाचा निरोप लागणार हे तुम्हीच त्यांना सांगितलंय. त्या दादानं मला सायकल शिकवली होती. गाणं संपतं आणि त्याचा आवाज येतो. "आई, मी खुशाल आहे. इथे जेवण चांगलं आहे. तू काळजी करू नकोस. संक्रांतीला येतो." काकू पदर तोंडाला लावून हसतायत आणि रडतायत. आणि मी, तुमची हुशार शिष्या, तुमच्याकडून शाबासकी मिळेल म्हणून मोठ्यानं म्हणते, "बाबा, दादाला श्वास नाहीये!"

तुम्ही मला मारलंत. एकदाच, त्यानंतर कधी नाही. काकूंचा हात तोंडावरच राहिला. आई म्हणाली, "अगं, तिन्हीसांजेला असं अभद्र बोलतात का? वास्तू तथास्तु म्हणते." केंद्रावर जो शब्द कामाचा होता, तो स्वयंपाकघरात मरणाचा झाला, आणि हे नऊ वर्षांच्या मुलीला कोण सांगणार होतं? पाचव्या दिवशी तार आली. काकू पुढे आपल्या दारावरून जाताना माझ्याकडे बघायच्या नाहीत. कितीतरी वर्षं मला वाटायचं की मी बोलले, घरानं ऐकलं, आणि दादा गेला. मोठी झाल्यावर वेगळं वाटायला लागलं, आणि ते त्याहून वाईट होतं. वाटायचं, तो आधीच गेलेला होता आणि तुम्हाला ठाऊक होतं. मेलेल्या मुलाच्या तोंडून तुम्ही त्याच्या आईला संक्रांतीचा वायदा केलात. बाबा, मी तुम्हाला हे कधी विचारलं नाही, आणि तुमच्या शेजारी जेवायला बसताना दर वेळी मला तेच आठवायचं.

आजींना दुसऱ्या आठवड्यात फोन केला तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. तो अमेरिकन मुलगा त्यांच्या थोरल्या बहिणीचा प्रियकर. छावणीतल्या नाचात भेटलेला, लग्न ठरलेलं. तो कुठल्याशा बेटावर मारला गेला ही बातमी आणि ही तबकडी, दोन्ही त्याच्या एका मित्रानं एकाच दिवशी आणून दिली. घरच्यांनी बहिणीला बरं वाटावं म्हणून तबकडी लावली. ती किंचाळली, "बंद करा. त्याच्यात कुणी नाहीये." मग रोज तेच म्हणत राहिली. आवाज त्याचा आहे, पण त्याच्यात कुणी नाहीये. आजी तेव्हा बारा वर्षांच्या. बहीण उशीत तोंड खुपसून काय पुटपुटते ते त्यांनी वडलांना जाऊन सांगितलं, आणि वडलांनी तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. ती परत आलीच नाही. आणि मग आजी म्हणाल्या, "तुला ऐकून कळतं ना, लव्ह? तो खरंच बोलतोय ना? ती चुकलीच होती ना?"

मी म्हणाले, नीट साफ करून ऐकवते. आणि घरी येऊन डबी उघडली.

टेप कापताना धरायची खाचेची पट्टी होती, गंजलेलं ब्लेड होतं, आणि खाली गुंडाळून ठेवलेली हातभर टेप. कडेला पेन्सिलनं तुमच्या अक्षरात काकूंच्या मुलाचं नाव. कामावर नेली, सुटत आलेले सांधे पुन्हा जोडले, जुन्या मशीनवर चढवली. सेकंदाला साडेसात इंचाच्या वेगाला हातभर टेप म्हणजे जेमतेम अडीच सेकंद. त्यात एक शब्दही नाही. तीन श्वास आहेत फक्त, एकापाठोपाठ एक जोडलेले. पहिला साधा. दुसरा अर्ध्यात अडकलेला. तिसऱ्यात हुंदका. मी ते कितीदा ऐकले विचारू नका. म्हणजे तो जिवंत होता, बाबा. माइकसमोर उभा होता, रडू आवरत होता, आणि तुम्ही त्याचं रडू ब्लेडनं काढून टाकलंत, म्हणजे तो खुशाल वाटेल. काढलेलं फेकवलं नाही तुमच्याच्यानं. वीस वर्षं जपलंत आणि मग मला दिलंत, कारण श्वास गेलेत हे ऐकून ओळखणारी घरात मी एकटीच होते. मला तुमची दया आली आणि रागही आला. अजूनही दोन्ही आहे.

त्या अमेरिकन मुलाचे श्वास कोणी काढले, कुठल्या ऑफिसात, त्यानं ते कशात गुंडाळून ठेवले की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही. मी फक्त आपल्या हातातलं केलं. तीन श्वासांतला पहिला, साधा, तो उचलला आणि "हॅलो स्वीटहार्ट"च्या आधी बसवला. वर तबकडीची खरखर पसरली. सांधा कुठे आहे ते तुम्हालाही सापडलं नसतं.

शनिवारी पुकेकोह्याला गेले. आजींचं स्वयंपाकघर लहान, खिडकीबाहेर कांद्याची लांबच लांब शेतं, किटली चढवलेली. लॅपटॉप टेबलावर ठेवला. वाद्यं, निवेदक, गाणाऱ्या बाईची वाट बघणं. मग गाणं थांबलं, आणि त्या स्वयंपाकघरात दादानं श्वास घेतला. मला तो माझ्या मागून आल्यासारखा वाटला. मी वळून बघितलं नाही. मग अमेरिकन मुलगा म्हणाला की तो मजेत आहे, जेवण चांगलं आहे.

"परत लाव," आजी म्हणाल्या. मी लावलं. त्यांनी डोळे मिटले. "ऐकलंस? श्वास घेतला त्यानं. आहे की तो. होता की." त्यांचे खांदे खाली आले. "बिचारी. खरंच डोकं फिरलं होतं तिचं. मी उगाच इतकी वर्षं स्वतःला दोष दिला." चहा केला, बिस्किटं काढली, निघताना कांद्यांची पिशवी हातात दिली आणि माझा गाल थोपटला. मी नको नको म्हणाले, पण घेतली.

ती पिशवी अजून गाडीतच आहे. हे पत्र घडी घालून तुमच्या टेपेशेजारी डबीत ठेवणार आहे, आणि मग डबी स्वेटरमध्ये. आता त्या टेपेचं काय करायचं मला कळत नाही, आणि लेकीला द्यायची माझी छाती नाही. आजींच्या बहिणीनं बरोबर ऐकलं होतं, बाबा. मीही बरोबर ऐकलं होतं. मला गप्प करायला तुम्हाला हात उचलावा लागला होता; तिला परत एकदा वेडी ठरवायला मला तोसुद्धा उचलावा लागला नाही.