वीज, पाणी, ऊब – सगळं भाड्यात

८ जानेवारी, सोमवार

पुन्हा घरात बर्फ! मॉन्ट्रियलचा जानेवारी बाहेर ठेवण्यासाठी तर भाडं भरते ना मी? वीज, पाणी, ऊब सगळं धरून – बारा वर्षांपूर्वी घरमालक पॅनोसने छाती ठोकून सांगितलं होतं. कुठाय ऊब? रेडिएटरवर हात ठेवला तर मढ्यासारखा गार. जिन्यात पकडलं त्याला. म्हणतो, "बॉयलर ठणठणीत आहे, उगेतबाई." म्हटलं, "मग बॉयलरशेजारीच झोपतोस का रे तू?"

अख्ख्या इमारतीच्या बॉयलरला हुकूम देणारी डबी माझ्याच पॅसेजच्या भिंतीवर. पण तिच्यावर प्लॅस्टिकचं झाकण, झाकणाला कुलूप, किल्ली पॅनोसकडे. आतला काटा चोवीस अंशांवर! काटासुद्धा मालकाला फितूर.

माझा विजेचा हीटर आहे म्हणून जगतेय. नोव्हेंबरपासून तिथंच, डबीखाली – तोच एक प्लग धड चालतो. हॉस्पिटलच्या धुलाईघरात दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहून पाय बधिर होतात. वीज भाड्यातच. जळू दे त्याचे पैसे!

११ जानेवारी, गुरुवार

अर्ज लिहिला. शाळा पाचवीत सुटली माझी, "तक्रार" तीनदा खोडलं. पाचही बिऱ्हाडांच्या सह्या घेतल्या. १९ तारखेपर्यंत लेखी उत्तर दे, नाहीतर भाड्याच्या कोर्टात भेटू!

तिसऱ्या मजल्यावर आर्मांदमावशी टोपी-कोटासकट पांघरुणात. ऐंशी वर्षांची बाई! म्हणतात, "पॅनोस तसा वाईट नाही गं." म्हटलं, "मावशी, नाक जांभळं झालंय तुमचं, आणि बाजू त्याची घेता?" हातमोजा न काढताच सही केली.

उतरून अर्ज पॅनोसच्या हातात दिला, मी स्वतःवर भलतीच खूश. पुढारीणच!

१३ जानेवारी, शनिवार

हीटर आता रात्रंदिवस. तळवे भाजले. फुगू दे बिल!

१५ जानेवारी, सोमवार

मावशींना अँब्युलन्सने नेलं. ताप, छाती भरलेली. खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं. मी दारातून पॅनोसवर ओरडले, "खुनी!" सगळ्या गल्लीने ऐकलं. तो मान खाली घालून बॉयलर बघायला गेला. मला वाटलं, लाजला.

१६ जानेवारी, मंगळवार

पॅनोस मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्रीने हीटर पाहिला. वरची डबी पाहिली. मग मला पाहिलं.

"बाई, हा इथं कधीपासून?"

"नोव्हेंबर. का?"

"ही डबी इथली हवा मोजते. तिला वाटतंय, अख्खी इमारत उकडतेय. म्हणून बॉयलर बंद करते. तुम्ही शेकणार, वरचे गारठणार."

काटा खरा होता. खोटी मी!

पॅनोसने हीटरची पिन काढली, वायर नीट गुंडाळली आणि हीटर माझ्या हातात दिला. शिवी घातली असती तर बरं झालं असतं. तासाभरात रेडिएटर ठकठक करायला लागले. इमारतीला ऊब, मला घाम.

१७ जानेवारी, बुधवार

वाटाण्याचं सूप घेऊन वॉर्डात गेले. मावशींच्या अंगावर आमच्याच धुलाईघरातली चादर. सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या, हसता हसता खोकला लागला, नर्स धावत आली – दुसऱ्यांदा मारत होते मी!

"म्हणजे तुझ्या पायांसाठी मी इथं?"

"हो."

"मग खुनी कोण?"

"मीच की."

मग त्यांचं हसू गेलं. डॉक्टर म्हणे, आता जिने बंद. भाचा वृद्धाश्रम बघतोय. "चाळीस वर्षं झाली गं मला त्या घरात." सूप तसंच राहिलं.

१८ जानेवारी, गुरुवार

उरलेल्या तिन्ही दारांवर जाऊन कबूल केलं. दुसऱ्या मजल्यावरच्याने दार तोंडावर आपटलं. बरोबर केलं.

१९ जानेवारी, शुक्रवार

उत्तराचा दिवस, मीच ठरवलेला. माझाच अर्ज दाराखालून आत आला. मागच्या बाजूला पॅनोसचं अक्षर:

"तुमचा तळमजला आर्मांदबाईंना द्या. तुम्ही तिसऱ्यावर जा. भाडं तेच, वीज-पाणी-ऊब त्यातच. डबी खालीच राहील, त्यांच्याकडे. सोमवारी त्यांना सोडतायत. रविवारपर्यंत लेखी उत्तर द्या."