जेवू घालणाऱ्याचं नाव

३ फेब्रुवारी

जुन्या आयरिश हस्तलिखितांच्या वर्गात आज नीव्हबाईंनी नवंच काढलं — प्रत्येकाने आश्रयदाता शोधायचा! मध्ययुगात इथले सरदार लेखनिकाला घरी ठेवून घ्यायचे, जेवू घालायचे आणि आपली वंशावळ लिहवून घ्यायचे. पानाच्या शेवटी एक ओळ — ज्याच्या आश्रयाने हे लिहिलं त्याच्यासाठी प्रार्थना करा. आपणही तसंच करायचं, जेवणासकट. पानं मग आमच्या इथल्या ल्यूकनच्या लायब्ररीत लावणार.

मला कोण जेवू घालणार? माझा नवरा मकरंद चेरीवूडच्या ऑफिसातून येतो तोच अर्धमेला.

५ फेब्रुवारी

सासरे म्हणाले, "मी घालतो. आपली वंशावळ लिही." बाबा! सासूबाई गेल्यावर इथे आले, तेव्हापासून साधा चहासुद्धा स्वतः केलेला नाही.

लिहायचं ते वासराच्या कातड्यावर, म्हटल्यावर मात्र तोंड वाकडं. "बकरीचं चालेल. मृदंगाला चालतंच की." नीव्हबाईंना सांगितलं, त्या पोट धरून हसल्या. बकरीचं मिळालं.

९ फेब्रुवारी

पिठल्यात गाठी. बाबा कढईसमोर उभे, सासूबाईंचं नाव घेत, "उषा आधी मोहरी घालायची की हिंग?" मी सांगितलं नाही. लेखनिकाने स्वयंपाकघरात लुडबुड करायची नसते.

मजा येतेय. कित्येक महिन्यांनी कोणीतरी मला गरम वाढतंय.

१६ फेब्रुवारी

बाबा नावं सांगतात, मी आयरिश वळणाच्या अक्षरांत लिहिते. सगळे बाप्ये. मकरंदपाशी संपलं. मुक्ता मागून डोकावली — "व्हेअर अ‍ॅम आय, आजोबा?"

"मुली घालायची पद्धत नाही गं."

पोरगी तडक वर गेली. मी म्हटलं, इथल्या सरदारांच्या बायकाही पोथ्या लिहवून घ्यायच्या, त्यांची नावं आहेत. "असतील," म्हणाले. असा संताप आला! पान माझ्या हातचं आणि माझीच लेक त्यात नाही. मकरंदच्या खाली बोटभर जागा मुद्दाम कोरी ठेवलीय. बघू.

२२ फेब्रुवारी

आज पिठलं जमलं. अगदी सासूबाईंचं. बाबांनी एक घास खाल्ला आणि ताट ठेवून मागच्या बागेत जाऊन उभे राहिले, थंडीत, स्वेटरसुद्धा न घालता. मग आत आले आणि आणखी वाढून घेतलं.

१ मार्च

शेवटची ओळ राहिली होती. बाबांचं नाव 'पद्माकर' लिहायला टाक बुडवला, तर बाबांनी हात धरला. "जेवू घालणाऱ्याचं नाव ना? मग उषा लिही."

लिहिलं. मग कोऱ्या जागेवर त्यांनीच बोट ठेवलं. "आणि इथे मुक्ता."